तिरपा उजेड

गाडीचं रिमोट, वॉशिंग मशीन, विजेचं डिजिटल मीटर, लिफ्टचं पॅनेल. या सगळ्यांत एकेक छोटा मायक्रोकंट्रोलर असतो आणि त्यात कुणीतरी महिनोन्‌महिने खपून लिहिलेला प्रोग्राम भरलेला असतो. कोरी चिप कुणालाही दुकानात मिळते. किंमत असते ती प्रोग्रामला. म्हणून चिप बनवणाऱ्या कंपन्या तिला कुलूप देतात. हे कुलूप म्हणजे स्मृतीतले मोजके बिट. ते लावले की बाहेरून प्रोग्राम वाचायला जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मायक्रोचिप कंपनीच्या पिक जातीच्या चिप तर अशा वेळी सरळ शून्यांची रांग दाखवतात. कुलूप काढायचा अधिकृत मार्गही आहे, पण त्यात मेख अशी की कुलपाबरोबर आतला प्रोग्रामही पुसला जातो. चिप मोकळी होते आणि रिकामीही.

मग फक्त कुलूपच पुसता आलं तर? साधारण वीस वर्षांपूर्वी अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी हे करून दाखवलं. हुआंग हे अमेरिकी हार्डवेअर अभियंते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची सुरक्षा कशी उलगडली, हे सांगणारं त्यांचं पुस्तक २००३ साली गाजलं होतं. पुढे त्यांनी हाती घेतली ती पिक १८एफ१३२० ही १८ पायांची, ८ किलोबाइट प्रोग्राम मावणारी साधी चिप. कुलूप उघडायला त्यांनी वापरलं काय, तर विजेच्या कामातली चिकटपट्टी आणि जुनी ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृतिचिप) पुसायचा अतिनील दिवा. ही करामत समजून घ्यायची तर चिपमध्ये आठवण राहते कशी आणि उजेडाने ती जाते कशी, हे आधी पाहायला हवं.

चिपमधल्या प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर असतो. ट्रान्झिस्टरला एक गेट असतं. त्यावर व्होल्टेज दिलं की खालून विद्युतप्रवाह वाहू लागतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या दावॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ साली अशी कल्पना मांडली की या रचनेत आणखी एक गेट घालावं, पण ते कशालाच जोडू नये. चहूबाजूंनी सिलिकॉन डायऑक्साइडचा थर, म्हणजे जवळजवळ काचच, आणि त्यात कोंडलेलं हे गेट. याला फ्लोटिंग गेट म्हणतात. त्यावर इलेक्ट्रॉन पोचवले की ते तिथेच अडकतात. वीज गेली तरी हलत नाहीत. त्यांच्या ऋण भारामुळे ट्रान्झिस्टर सुरू होईनासा होतो. इलेक्ट्रॉन आहेत तर ०, नाहीत तर १, असा हिशेब बहुतेक अशा चिपमध्ये धरला जातो. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं रहस्य त्यात आहे.

कल्पना बेल लॅबची, पण तिचं विकाऊ वस्तूत रूपांतर झालं इंटेलमध्ये आणि तेही एका बिघाडामुळे. डोव्ह फ्रोमन हे तरुण अभियंते १९६९ साली इंटेलमध्ये आले होते. त्यांचा जन्म १९३९चा, ॲम्स्टरडॅमचा. आईवडील नाझींच्या छळात गेले. हे मूल एका डच ख्रिस्ती कुटुंबाने लपवून वाढवलं आणि युद्धानंतर ते इस्रायलला पोचलं. पुढे हैफाचं टेक्निऑन, मग बर्कलीची पीएचडी. इंटेलची ११०१ ही २५६ बिटांची स्मृतिचिप उष्ण आणि दमट हवेतल्या चाचण्यांत दगा देत होती. कारण शोधायचं काम फ्रोमन यांच्याकडे आलं. त्यांच्या लक्षात आलं की काही ट्रान्झिस्टरांच्या गेटची जोडणी तुटलेली आहे आणि ती अधांतरी गेटं विद्युतभार धरून बसली आहेत. दुसऱ्या कुणी जोडणी दुरुस्त करून फाइल बंद केली असती. फ्रोमन यांना त्या दोषात स्मृती दिसली.

त्यातून १९७१ साली इंटेल १७०२ ही ईप्रॉम चिप आली. क्षमता २५६ बाइट. त्याच वर्षी फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या परिषदेत फ्रोमन यांनी एक छोटी फिल्म दाखवली: चिपमधल्या बिटांनी इंटेलचं चिन्ह रेखाटलेलं, वर अतिनील दिवा लावलेला आणि एकेक ठिपका विझत चाललेला. इंटेलचे सहसंस्थापक गॉर्डन मूर यांच्या मते मायक्रोकॉम्प्युटर उद्योगाच्या वाढीत या ईप्रॉमचं महत्त्व मायक्रोप्रोसेसरइतकंच होतं. मला हे अतिशयोक्त वाटत नाही. प्रोग्राम बदलून पाहायची सोय नसती, तर मायक्रोप्रोसेसर घेऊन लोकांनी केलं काय असतं? त्याआधीच्या चिपमध्ये एक चूक म्हणजे पुन्हा नवी चिप, नाहीतर कारखान्याला चिप छापायचा नवा साचा (मास्क) बनवायला सांगून आठवडेच्या आठवडे वाट पाहणं. फ्रोमन मात्र हा शोध लावून सरळ घानातल्या कुमासीला शिकवायला निघून गेले. परतल्यावर १९७४ साली त्यांनी हैफाला इंटेलचं डिझाइन केंद्र उभारलं. इस्रायलमधल्या आजच्या चिप उद्योगाची मुळं शोधत गेलं की आपण तिथे पोचतो.

आता उजेड. कोंडलेल्या इलेक्ट्रॉनला काचेच्या थरातून बाहेर पडायला सुमारे ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. प्रकाशाच्या एका कणाकडे ती असायची तर त्याची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी हवी. आपल्या डोळ्यांना दिसणारा जांभळा रंग नेमका तिथेच संपतो. म्हणजे दिसणारा प्रकाश जेमतेम कमी पडतो, ही चिपवाल्यांच्या नशिबाची गोष्ट. पाऱ्याच्या वाफेचा दिवा २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतो. त्याच्या एका कणात ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. तो शोषला की इलेक्ट्रॉन थर ओलांडतो आणि निघून जातो. साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून ईप्रॉमच्या चिनीमातीच्या पाठीवर क्वार्ट्झची खिडकी बसवावी लागे. ती महाग पडे. इतकी की कंपन्या तीच चिप बिनखिडकीच्या प्लास्टिकमध्ये घालून ‘एकदाच लिहा’ म्हणून स्वस्तात विकत.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी आपल्याकडे इंजिनीअरिंग केलं, त्यांना ती खिडकी नक्की आठवेल. ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या प्रशिक्षण किटवर एका खिडकीवाल्या चिपमध्ये मॉनिटर प्रोग्राम असे, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टायमर लावलेली इरेझरची पेटी असे आणि चिप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत मात्रा ठरलेली होती: दर चौरस सेंटिमीटरला १५ वॅट-सेकंद. नेहमीच्या दिव्याखाली अडीच सेंटिमीटरवर चिप ठेवली, तर १५ ते २० मिनिटं. याच माहितीपत्रकांत एक इशाराही असे. खोलीतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात खिडकी उघडी राहिली तर साधारण तीन वर्षांत आणि थेट उन्हात सुमारे आठवडाभरात चिप पुसली जाऊ शकते. म्हणून खिडकीवर अपारदर्शक स्टिकर लावायची पद्धत पडली.

या दिव्याला निवड मात्र करता येत नसे. एक बाइट चुकला तरी अख्खी चिप पुसावी लागे. लिहिताना १चं ० करता येई, कारण इलेक्ट्रॉन भरायला चिपच्या पायांवर जादा व्होल्टेज द्यायचं असे (२७१६ या ईप्रॉमला २५ व्होल्ट). पण ०चं १ करायला दिवाच लागे. हुशार प्रोग्रामर यातूनही वाट काढत. ८०८५ आणि ८०५१मध्ये ‘काही करू नको’ या आज्ञेचा संकेत ०० असतो. म्हणजे नको असलेली आज्ञा न पुसता तिचे उरलेले १ सगळे ० केले की ती गप्प! काही जण प्रोग्रामच्या अधेमधे कोऱ्या जागाही राखून ठेवत, दुरुस्तीसाठी.

मग मायक्रोकंट्रोलर आले. प्रोसेसर आणि ईप्रॉम एकाच चिपवर. इंटेलचा ८७५१ घ्या: ४ किलोबाइट प्रोग्राम आणि एक सुरक्षा बिट. आता चिपचं कुलूप कशाचं बनवायचं? कारखान्यात जी प्रक्रिया चालू होती तिने फ्लोटिंग गेट बनतच होती, तेव्हा कुलूपही फ्लोटिंग गेटचंच केलं. कुलूप लावायचं म्हणजे त्या बिटात इलेक्ट्रॉन भरायचे. ते काढायचं म्हणजे इलेक्ट्रॉन घालवायचे, आणि इलेक्ट्रॉन घालवणारा दिवा तर प्रत्येक प्रयोगशाळेत होता. दिव्याखाली धरलं की प्रोग्राम आणि कुलूप एकदमच जाईल, अशी कंपन्यांची समजूत होती. ती खरी होती, पण उजेड सगळीकडे सारखा पडेल तोवरच. कुलपाचा बिट प्रोग्रामच्या पट्ट्यापासून दूर चिपच्या कडेला असेल, तर पट्टा झाकून फक्त कडेवर उजेड टाकता येतो. केंब्रिजचे रॉस अँडरसन आणि मार्कुस कून यांनी १९९६ साली छेडछाडीविषयीच्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात या मार्गाचा स्पष्ट उल्लेख केला. तोवर पैसे भरून पाहायच्या टीव्हीची कार्डं फोडणाऱ्यांच्या दुनियेत तो जुनाच झाला होता.

उपाय म्हणून कंपन्यांनी कुलपाच्या बिटांवर धातूचा पातळ पत्रा बसवला. चिपवर तारांसाठी ॲल्युमिनियमचे थर असतातच. त्यातलाच एक तुकडा वर ओढायचा. अतिनील प्रकाश धातूतून जात नाही, तेव्हा कुलूप कायमचं झालं. याचा एक विनोदी दुष्परिणाम झाला. खिडकीवाली चिप विकासाच्या कामासाठी पुन्हापुन्हा पुसून वापरायची असते. चुकून कुलूप लागलं तर प्रोग्राम पुसला जाई, कुलूप तसंच राही आणि महागडी चिप वाया जाई. म्हणून मायक्रोचिप कंपनीने आपल्या माहितीपत्रकांत चक्क लिहून ठेवलं की खिडकीवाल्या चिपला कुलूप लावू नये.

हुआंग यांच्यासमोरची पिक ही फ्लॅश स्मृतीची, विजेने पुसली जाणारी चिप होती. तिला खिडकी नव्हती. पण फ्लॅशमध्येही गेट तेच, इलेक्ट्रॉन तेच आणि अतिनील प्रकाशाने होणारा परिणामही तोच. खिडकी नाही ती फक्त काळ्या प्लास्टिकच्या आवरणाला. तीव्र आम्लाने ते आवरण असं काढता येतं की आतलं सिलिकॉन उघडं पडतं आणि तरी चिप चालू राहते. हे काम पैसे घेऊन करून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात. घरी करायचं हे काम नव्हे. ती आम्लं फुप्फुसांना आणि हातांना माफ करत नाहीत, आणि हा अतिनील प्रकाशही डोळ्यांना करत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली हुआंग यांना एका ठिकाणी धातूचे छोटे चौकोन नीट रांगेत दिसले. त्यांची संख्या आणि मांडणी चिपच्या सुरक्षा बिटांशी जुळत होती. ट्रान्झिस्टरवर असा पत्रा टाकायला एरवी काही कारण नसतं. कुलूप लपवण्यासाठी घातलेल्या पत्र्यानेच कुलपाचा पत्ता सांगितला, असं म्हणायला हरकत नाही. आधी त्यांनी उघडी चिप सरळ दिव्याखाली ठेवून पाहिली: प्रोग्राम गेला, कुलूप राहिलं. पत्रा आपलं काम चोख करत होता. त्यांना हवं होतं नेमकं उलट.

पहिला अर्धा भाग सोपा होता. चिकटपट्टीचा बारीक तुकडा कापून प्रोग्रामच्या पट्ट्यावर बसवला की तो भाग अंधारात. दुसऱ्या अर्ध्यासाठी त्यांनी चिप तिरकी ठेवली. पत्रा आणि खालचा ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये पारदर्शक ऑक्साइडचा थर असतो. छत्री डोक्यावरच्या पावसापुरती असते; वाऱ्याबरोबर तिरपा आलेला पाऊस खालून भिजवतोच. तसा तिरका प्रकाश पत्र्याच्या कडेखालून शिरतो. आत गेल्यावर तो सिलिकॉनवर आपटून वर जातो, पत्र्याच्या खालच्या बाजूवर आपटून पुन्हा खाली येतो, आणि असा आत सरकत जातो. २५४ नॅनोमीटरच्या आसपास सिलिकॉन स्वतःच दोन तृतीयांश प्रकाश परत फेकतं. ॲल्युमिनियम तर त्याहून चांगला आरसा. पत्र्याखालच्या गेटवर थोडाच प्रकाश पोचतो, पण वेळ दिला तर तेवढाही पुरतो. कुलपाचे बिट १ झाले, चिकटपट्टीखालचा प्रोग्राम शाबूत राहिला आणि चिप नेहमीच्या प्रोग्रामरवर वाचता आली.

मला यात चुकीपेक्षा सवय दिसते. पत्रा लावणाऱ्याने दिवा नेहमी वरच असणार असं धरलं, कारण इरेझरच्या पेटीत तो वरच असतो. खरा प्रश्न मात्र पत्र्याचा नव्हताच. पुसलेल्या अवस्थेचा अर्थ ‘उघडं’ असा ठरवला, तिथे घोटाळा झाला. १ म्हणजे कोरं आणि १ म्हणजेच मोकळं. कोऱ्या चिपला कुलूप नसावं, ही कारखान्याच्या दृष्टीने अगदी सोयीची गोष्ट. प्रत्येक नवी चिप आधी उघडत कोण बसणार? पण या सोयीमुळे निसर्गाचा कल आणि चोराचा कल एकाच दिशेला गेला. गळती असो, उष्णता असो, उजेड असो, इलेक्ट्रॉन बाहेरच पडणार. कुलूप त्याच दिशेने उघडत असेल, तर ते आज ना उद्या उघडणारच.

पुढच्या काही चिपमध्ये हा हिशेब उलटा केलेला दिसतो. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या एसटीएम३२एफ० मालिकेत कुलपाची पातळी ८ बिटांच्या एका आकड्यात आणि त्याच्या बरोबर उलट्या आकड्यात, अशी १६ बिटांत लिहिलेली असते. या १६ बिटांची एकच जोडी ‘पूर्ण उघडं’, एकच जोडी ‘सर्वांत कडक कुलूप’, आणि उरलेल्या सगळ्या, म्हणजे ६५,५३४ जोड्या, ‘मधलं कुलूप’. कोरी अवस्थाही मधल्यातच येते. शिवाय कडक कुलपावरून ‘पूर्ण उघडं’पर्यंत जायला काही १चे ० व्हावे लागतात आणि ते उजेडाला जमत नाही. विचार पक्का वाटतो ना? तरीही २०१७ साली जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या योहानेस ओबरमायर आणि श्टेफान टाटश्नर यांनी यात फट शोधली. कडक कुलपाच्या जोडीतला एखादा बिट अतिनील प्रकाशाने उलटला, की ती जोडी ‘उरलेल्या सगळ्यां’त जाते. कडक कुलूप मधलं होतं. मधल्या कुलपात चिप तपासण्याची वायर जोडता येते, आणि त्या वायरीच्या बोलीत त्यांना आणखी एक वेळेची चूक सापडली, जिच्यातून प्रोग्राम एकेक शब्द करून बाहेर काढता आला. उत्पादक ज्या पातळीला ‘परत न फिरणारी’ म्हणत होता, तिथून ते एक पायरी खाली उतरले होते.

उजेड आणि चिप यांचं वैर एवढ्यावर थांबत नाही. केंब्रिजच्याच सर्गेई स्कोरोबोगातोव्ह यांनी अँडरसन यांच्याबरोबर २००२ साली दाखवलं, की ३० डॉलरना घेतलेली कॅमेऱ्याची जुनी फ्लॅशगन सूक्ष्मदर्शकातून रोखली तर चालू चिपच्या तात्पुरत्या स्मृतीतला हवा तो बिट उलटवता येतो. तिथे अतिनील प्रकाश लागत नाही. फ्लॅशच्या झोताने ट्रान्झिस्टर क्षणभर वाहू लागतो. २०१५ साली रास्पबेरी पाय २ या नव्या कोऱ्या संगणकाचा झेनॉन फ्लॅशने फोटो काढला की तो बंद पडायचा. तिथे तर कुणी फोडत नव्हतं, कौतुकाने फोटो काढत होते.

आजच्या चिपवर धातूचे थर एकावर एक इतके असतात की वरून सरळ प्रकाश पोचवणं अवघड झालं आहे. मागच्या बाजूने यायचं तर अतिनील प्रकाश सिलिकॉनमध्ये काही नॅनोमीटरांतच विरून जातो. तेव्हा नव्या चिपवर दिवा आणि चिकटपट्टीचं तंत्र चालेलच असं नाही. ते खऱ्या उपयोगाचं आहे जुन्यांसाठी. ऐंशीच्या दशकातल्या आर्केड खेळांचे प्रोग्राम जतन करणाऱ्या हौशी मंडळींनी कुलूपबंद मायक्रोकंट्रोलर उघडून वाचले, कारण बनवणाऱ्या कंपन्या राहिल्या नव्हत्या आणि मूळ प्रत कुठेच नव्हती. दुसऱ्याच्या चालू उत्पादनाची नक्कल करायला हेच तंत्र वापरणं वेगळं. भारतीय कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचाच दर्जा देतो.

आणि उजेड नसला तरी इलेक्ट्रॉन हळूहळू गळतच असतात. आणि त्या काळच्या चिप आता कितीतरी दशकं जुन्या झाल्या आहेत. तुमच्या कारखान्यातल्या जुन्या सीएनसी यंत्रात, छापखान्यात, रेडिओ स्टेशनात किंवा माळ्यावरच्या संगणकात खिडकीवाली चिप असेल, तर आज दोन कामं करा. स्टिकर सुटलेलं असेल तर नवं अपारदर्शक लावा. आणि चिप चालू आहे तोवर प्रोग्रामरवर तिची प्रत काढून ठेवा. पुसलेली ईप्रॉम वाचली की फक्त एफएफ, एफएफ, एफएफ येतं, आणि त्यातून मूळ प्रोग्राम परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते.